चार बोल्ट, दोन कर्ण

शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी आमची विहीर. तिच्यावर पाण्याचं इंजिन बसलं तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. एका सिलिंडरचं, दोन्ही अंगांना जडशीळ चाकं असलेलं, मिनिटाला ६५० फेरे घेणारं.

इंजिनाआधी त्याचा ओटा झाला. मिस्त्रींनी खड्डा घेतला, खालून वाकवलेले चार बोल्ट लाकडी फळीच्या भोकांतून टांगले आणि काँक्रीट ओतण्याआधी सुतळी ताणून समोरासमोरच्या बोल्टांमधलं अंतर मोजलं. आधी एक कर्ण, मग दुसरा. गव्हाच्या दाण्याएवढा फरक निघाला, तर फळी सोडून सगळं पुन्हा जुळवलं. दादांना घाई होती, ऊस वाळत होता. मिस्त्री म्हणाले, “दादा, ऊस पुन्हा लावता येतो. ओटा एकदाच.” मग ओट्यावर बारदान पडलं आणि त्यावर रोज पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं.

इंजिन सुरू झालं तेव्हा मिस्त्रींनी पाण्यानं भरलेला तांब्या ओट्यावर ठेवला. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. मजबुती म्हणजे वजन, असा तो काळ होता. हादरा जमिनीनं पोटात घ्यायचा.

मावशीकडे दौंडला जाताना न्हावऱ्यापासून पारगावच्या भीमेपर्यंत ती पुकपुक दोन्ही बाजूंनी सोबत करायची. साताऱ्याचं कूपर की खडकीचं किर्लोस्कर, हे जाणते लोक नुसत्या आवाजावरून सांगत. आता त्याच वाटेनं गेलं तर शेतं गप्प असतात. मोटारी पाण्याखाली गेल्या. आवाज आलाच तर वरून, बारामतीच्या शिकाऊ वैमानिकांच्या एखाद्या छोट्या विमानाचा. त्या पुकपुकीसाठी मी आजही कान देतो.

माझा पुतण्या घरी बांधायच्या विमानाचं इंजिन माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा सांगाडा, तयार करतोय. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं गेलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. तेव्हा शाळेत असलेल्या या पोराला तेव्हापासूनच हा ध्यास लागला.

त्याच्या इंजिनाला ओटा नाही, खाली जमीनही नाही. फायरवॉल म्हणजे विमानाची पुढची भिंत. तिला चार ठिकाणी बोल्ट, तिथून पुढे निघालेला नळ्यांचा सांगाडा, आणि त्याच्या टोकाला इंजिन. इथे वजन वाढवून भागत नाही, म्हणून मजबुती आकारातून काढायची. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. त्यामुळे सगळा सांगाडा त्रिकोणांचा. नळी क्रोममोली पोलादाची. एकीचं टोक दुसरीच्या गोलाईवर फट न राहता बसावं, म्हणून ते माशाच्या तोंडासारखं कापायचं. साधारण वर्गातल्या छोट्या विमानाला ३.८ पट भार धरतात. म्हणजे १०० किलोचं इंजिन सांगाड्याला ३८० किलोचं वाटू शकतं. त्यावर दीडपट राखीव, म्हणजे ५७० किलो. शिवाय पंख्याची ओढ आणि पीळ वेगळा. हादरा आता रबरी बुश गिळतात.

वेल्डिंगचा जोड मला खडबडीत दिसला. मी ग्राइंडर उचलला, तर त्यानं माझा हात धरला. “नको तात्या, घासलं की जोड दुबळा होतो.” फळी सोडून पुन्हा जुळवणाऱ्या मिस्त्रींचा चेहरा मला त्या क्षणी दिसला. वजनाची जागा आकारानं घेतली, सुतळीची जागा संगणकानं. पण दुसऱ्याचा जीव किंवा पीक आपल्या हातच्या जोडावर उभं आहे, ही जाणीव दोन्हीकडे एकच. ती टिकली, याचं मला फार समाधान आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्याला विहिरीवर नेलं. इंजिन केव्हाच भंगारात गेलं. ओटा आहे, चार गंजलेले बोल्ट आहेत. त्यानं खिशातून टेप काढली, एक कर्ण मोजला, मग दुसरा. आकडा तोच. काही न बोलता त्यानं टेप पुन्हा लावून पाहिली. आकडा तोच आला.

संध्याकाळी घरी परतल्यावर हातपाय धुऊन तो आपल्या माउंटचे कर्ण नव्यानं मोजायला बसला.