एकाच मुक्कामाची फुलं

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून साधारण २५ किलोमीटर गेलं की कासचं पठार लागतं. सप्टेंबरात इथे फुलांचा हंगाम असतो. उशीर केला की गर्दी वाढते, म्हणून आम्ही घरातली पाच माणसं फजरची नमाज आटोपून निघालो. फाटकावर नोंदणी दाखवली, गावातले एक काका माहिती द्यायला सोबत घेतले आणि पायवाटेला लागलो.

कास म्हणजे सुमारे १२०० मीटर उंचीवरचा जांभ्या दगडाचा सडा. दगडावर माती अगदी पातळ. कुठे वीतभर, कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. पावसात सगळीकडे पाणी साचतं आणि उन्हाळ्यात तोच खडक तव्यासारखा तापतो. मोठी झाडं इथे तग धरत नाहीत. इवलीशी रोपं मात्र पावसाळ्याच्या चार महिन्यांत उगवतात, फुलतात, बी धरतात आणि नाहीशी होतात. जमिनीत पोषण कमी, म्हणून काही वनस्पती किडे पकडून आपली गरज भागवतात. निळसर जांभळ्या ‘सीतेच्या आसवां’चा गालिचा दिसायला नाजूक, पण तीही कीटकभक्षीच.

एका डबक्यापाशी काका थांबले. पाण्यातून वर आलेल्या दांड्यावर दोन फाटे फुटलेला फुलांचा तुरा होता, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा. “हा वायतुरा. एंडेमिक आहे बरं का, ताई,” काका म्हणाले.

आमची थोरली दहावीत आहे. ती लगेच म्हणाली, “अम्मी, एंडेमिक तर आजाराला म्हणतात ना?” धाकट्याने विचारलं, “म्हणजे या फुलाला रोग झालाय?”

काका हसले, पण प्रश्न चुकीचा नव्हता. करोनाच्या दिवसांत हा शब्द आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचला आहे. मूळ शब्द ग्रीक. ‘एन’ म्हणजे आत आणि ‘डेमॉस’ म्हणजे लोक. त्या लोकांतला, त्या ठिकाणचा. एपिडेमिक म्हणजे लोकांवर येऊन आदळलेली साथ, पॅन्डेमिक म्हणजे सगळ्या जगात पसरलेली. एंडेमिक आजार म्हणजे एखाद्या भागात मुक्काम ठोकून बसलेला, कमीअधिक प्रमाणात सतत आढळणारा. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत हत्तीरोग असा आहे. त्या दिवसांत “करोना आता एंडेमिक होणार” असं छापून आलं की अनेकजण “चला, संपला एकदाचा” असं समजत. शब्दाचा अर्थ तसा नाही. आजार सौम्य झाला की गेला, हे हा शब्द सांगत नाही. तो इथेच राहतो, एवढंच सांगतो. देवीचा रोग भारतात पिढ्यान्‌पिढ्या एंडेमिकच होता आणि माणसं मारतही होता. आपल्या देशातला त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला, आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं.

वनस्पती आणि प्राण्यांच्या बाबतीत अर्थ आणखी नेमका होतो. एंडेमिक म्हणजे ठरावीक प्रदेशात निसर्गतः आढळणारा आणि त्याच्याबाहेर कुठेही न आढळणारा. मराठीत याला ‘प्रदेशनिष्ठ’ असा सुरेख शब्द आहे. उर्दूत आपण ‘मक़ामी’ म्हणतो, पण तो ‘स्थानिक’ इतकाच सैल आहे. त्याच्याच कुळातला मराठी ‘मुक्काम’ आम्हाला इथे जास्त उपयोगी पडला. “या फुलाचं मुक्काम पोस्ट एकच आहे,” असं सांगितल्यावर धाकट्याला लगेच समजलं.

मग पायवाटेवर मुलांचा खेळच सुरू झाला. रस्त्याकडेला घाणेरी दिसली होती. ती आपल्याकडे गावोगाव माजली आहे, पण मूळची अमेरिकेतली, म्हणजे परदेशी. खडकावर लालसर केसांवर चिकट थेंब मिरवणारी दवबिंदू वनस्पती दिसली. ती इथली आहे, पण तिचे भाऊबंद ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतात; म्हणजे देशी, पण प्रदेशनिष्ठ नव्हे. वायतुरा मात्र सातारा आणि आसपासच्या सह्याद्रीतल्या मोजक्या उंच सड्यांवरच सापडतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली. थोरलीने विचारलं, “मग आपलं शेकरू?” महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी भारताचा प्रदेशनिष्ठ आहे, एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. म्हणून हा शब्द वापरताना ‘कुठला प्रदेशनिष्ठ’ हे सांगावंच लागतं.

तेवढ्यात एक पाहुणा वाट सोडून फोटोसाठी फुलांत जाऊन बसला. काकांनी त्याला हात जोडून उठवलं. “एवढी फुलं आहेत, दोन चिरडली तर काय बिघडलं?” तो म्हणाला. आमच्या धाकट्याच्याही मनात एक वायतुरा उपटून घरच्या कुंडीत लावायचं होतंच. काका म्हणाले, “बाळा, खाली कंद असतो. त्याला हा खडक, हे पाणी आणि हा उन्हाळा लागतो. कुंडीत कुठून आणणार?”

पाहुण्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका शब्दातच आहे. अंगणातली जास्वंद वाळली तर शेजाऱ्याकडून फांदी आणता येते. वायतुऱ्याला शेजारीच नाही. सडा खणला, त्यावर बांधकाम झालं, गाड्या फिरल्या, तर तो फक्त कासमधून जात नाही. त्याच्या मोजक्या घरांतलं एक घर कायमचं बंद होतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशात आली, त्यांत कासही आहे. पण तिथे पाय कुठे ठेवायचा, हे युनेस्को नव्हे, आपण ठरवतो.

डिसेंबरात गेलात तर कासवर वाळलेलं गवत आणि काळपट खडक दिसेल. तेव्हा ‘इथे काहीच नाही’ असं समजू नका. वायतुऱ्याचे कंद त्या बोटभर मातीत पुढच्या पावसाची वाट पाहत असतात, आणि त्यांना जायला दुसरी जागा नसते.