नांग्या

आमच्या माणदेशात लग्नाचं शूटिंग म्हणजे एक ठरलेला साचा आहे. शूटिंगवाला येतो, नवरीला आंब्याखाली उभी करून फांदी बाजूला सारायला लावतो आणि महिन्याभरानं जी सीडी देतो तिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमातली गाणी असतात. (खरं तर ती डीव्हीडी असते. पण गोल आणि चकचकीत असेल ती आमच्या गावात सीडीच.) हळद असो, पंगत असो, पाठवणी असो, वरनं गाणं चालूच. बायका ओव्या म्हणत असल्या तर त्यांची तोंडं हलताना दिसतात आणि आवाज मुंबईच्या गायिकेचा येतो.

माझ्या थोरल्या लेकीचं लग्न २०१० च्या वैशाखात झालं. आदल्या दिवशी मांडव, चुडा आणि दिवे लागताना घाणा. उखळात हळकुंडं टाकून सुवासिनी मुसळाला हात लावत होत्या. आई विधवा, म्हणून ती मुसळाला शिवली नाही. रीतच तशी. ती मागं भिंतीला टेकून बसली आणि ओवी तिनंच घातली. तिनं सुरुवात करायची आणि सुवासिनींनी मागनं धरायचं. शूटिंगवाल्यानं उखळ घेतलं, हात घेतले, नव्या साड्या घेतल्या. भिंतीकडं त्याचा कॅमेरा वळलाच नाही, आणि जो आवाज आला होता त्याच्यावर त्यानं गाणं चढवलं.

माझ्या पुतण्यानं त्याच वर्षी एचडी कॅमेरा घेतला होता. तो पुण्यात कंपनीत होता. हौस म्हणून त्यानं दोन्ही दिवस शूटिंग केलं आणि घरच्या कॉम्प्युटरवर डिस्का बनवल्या. तीन डिस्कांचा एक संच आम्हाला आणि तसाच एक लेकीच्या सासरी. आमच्या टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरवर लावल्या तर तिन्हीला 'नो डिस्क'. "दुसऱ्या करून देतो, अण्णा," म्हणाला. पुढं तो बंगलोरला गेला, त्याचा संसार सुरू झाला. शूटिंगवाल्याची सीडी चालत होती, त्यामुळं कुणाचं अडलं नाही. डिस्का ट्रंकेत गेल्या.

२०१४ ला आई गेली. वर्षश्राद्धाला अक्का आली होती, माझी थोरली बहीण. जेवणं उरकल्यावर म्हणाली, "आयचा आवाज कुठं हाय का रं? माझ्या तर आता ध्यानात येईना." घरात फोटो चार होते. आवाज कुठंच नव्हता. तेव्हा पुतण्याच्या डिस्का आठवल्या. त्याला फोन केला तर कळलं, की मूळ शूटिंग ज्या हार्डडिस्कवर होतं ती दोन हजार बारालाच बंद पडलेली. म्हणजे जे काही होतं ते आमच्या ट्रंकेत आणि लेकीच्या कपाटात.

मी दहावी शिकलेला माणूस. पण विहिरीवरची मोटार पाणी उचलत नसली की काय बघायचं ते मला कळतं. आधी लाईट आहे का, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग फुटव्हॉल. एक-एक बाजूला सारत जायचं. मोटार वर काढायची ती सगळ्यात शेवटी, कारण त्याला चार माणसं लागतात. इथंही तसंच केलं. सिनेमाच्या डिस्का त्या प्लेअरवर चालत होत्या, म्हणजे प्लेअर धड होता. तरी बाजारपेठेतला दुरुस्तीवाला "लेन्स गेलीय, बदलावी लागेल" म्हणून बसला. मी प्लेअर उचलून घरी आणला. लेन्स गेली असती तर सिनेमा कसा दिसला असता? आणि तिन्ही डिस्का एकसारख्याच नाही म्हणतात, तर तिन्हीला एकाच जागी चरे पडलेत असंही नाही.

पुतण्या फोनवर म्हणाला, "अण्णा, घरी लिहिलेली डिस्क शेवटी बंद करावी लागते, नाहीतर दुसऱ्या मशीनला ती दिसतच नाही. पण मी बंद केलेल्या, हे नक्की." बरं, तेही बाजूला सारलं.

उलगडा केला तो शाळेतल्या गुरुजींनी. त्यांच्या कॉम्प्युटरवर डिस्क घातली आणि आत काय आहे ते उघडून दाखवलं. साध्या डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असतो. आमच्या डिस्कीत होता 'बीडीएमव्ही', म्हणजे ब्लू-रेच्या घराण्यातला. गुरुजींनी समजावून सांगितलं ते असं. साध्या डीव्हीडीतलं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, आणि साध्या प्लेअरला तेवढंच उलगडता येतं. एचडीचं चित्र १९२० बाय १०८० चं, आणि ते वेगळ्या पद्धतीनं दाबून भरलेलं. त्याला खरं तर ब्लू-रे डिस्क लागते, २५ जीबीची. पण कोरी ब्लू-रे डिस्क तेव्हा महाग आणि कोरी डीव्हीडी दहा-पंधरा रुपयांना. म्हणून हौशी माणसं ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवरच एचडी चित्र लिहायची. त्या प्रकाराला एव्हीसीएचडी म्हणतात. एका डिस्कीवर जेमतेम पाऊण तास मावतो, म्हणून तर एका लग्नाला तीन डिस्का. वरनं बघितलं तर दिसायला साधी डीव्हीडी, आतली भाषा ब्लू-रेची. आमचा प्लेअर ती उघडायचा, त्याला अक्षर लागायचं नाही, आणि म्हणायचा 'नो डिस्क'. डिस्क नाही असं नव्हतंच. त्याला वाचता येत नव्हतं, पण तसं कबूल करणारं मशीन अजून निघालेलं नाही.

गुरुजींचा कॉम्प्युटर जुना. चित्र उचक्या देत चालायचं, दोन पावलं चाललं की थांबायचं. तो भार त्या कॉम्प्युटरला पेलत नव्हता. ब्लू-रे प्लेअर पाहिजे म्हणाले. आता आमच्या गावात ब्लू-रे कुठला? पण आमच्या भागातली निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला पार तामिळनाडू-केरळपर्यंत पसरलेली. भावकीतल्या एकानं कोइमतूरला चांगलं बस्तान बसवलंय. गावात बंगला बांधला आणि त्यात मोठा टीव्ही, त्याच्याखाली ब्लू-रे प्लेअर. वर्षातनं दोनदा उघडतो तो बंगला. मार्गशीर्षात म्हसवडच्या रथाला तो आला आणि मी डिस्का घेऊन गेलो. अक्कालाही बोलावून घेतलं होतं.

डिस्क लागली. पाच वर्षांनी पहिल्यांदा. मांडवाच्या डहाळ्यांचं पान अन् पान दिसत होतं. चुडा भरणाऱ्या कासाराच्या बोटावरचा चुना दिसत होता. पण आवाज नाही. सगळं मुकं. अक्का माझ्याकडं बघायला लागली. ज्याच्यासाठी आलो तेच नव्हतं.

गलाईवाल्याचा पोरगा बारावीला होता, त्यानं रिमोट घेतला. प्लेअरचा आवाज जुन्या अॅम्प्लिफायरला जोडलेला होता. प्लेअर डॉल्बीत बांधलेला आवाज तसाच पुढं ढकलत होता आणि अॅम्प्लिफायरला ती गाठ सोडवता येत नव्हती. त्यानं सेटिंगमध्ये 'बिटस्ट्रीम' होतं तिथं 'पीसीएम' केलं, म्हणजे गाठ प्लेअरनंच सोडायची आणि मोकळा आवाज पुढं द्यायचा. त्यासरशी कासार बोलायला लागला, पोरं ओरडायला लागली, कुणीतरी चहा मागितला.

मग उखळ आलं. मुसळं आली. पुतण्याचा कॅमेरा भिंतीकडं वळला, आई दिसली, तिनं तोंड उघडलं. आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. एक सूर यायचा, तुटायचा, पुन्हा यायचा. मग ते थांबलंच. तीनदा लावली, तिन्ही वेळा घाण्यापाशीच अडली.

ह्याचंही कारण आहे. डिस्क लिहिली जाते ती मधल्या भोकाकडनं काठाकडं. सकाळचा मांडव आत, दुपारचा चुडा मधे आणि दिवेलागणीचा घाणा अगदी काठाला. आणि डिस्क खराब व्हायची तर काठाकडनं जास्त. बोटं लागतात ती काठाला. वरनं चिकटवलेल्या कागदी लेबलाची कड सुटली की डिस्क फिरताना थरथरते, ती काठाला जास्त. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि घरी लिहिलेल्या डिस्कीत मधे रंगाचा थर. ती चिकट काठाकडं सुटली तर हवा आत शिरते. आमची ट्रंक पत्र्याची, माळ्यावरची, वर सिमेंटचा पत्रा. चैत्रात तिथं शेंगा ठेवल्या तर भाजून निघतील.

धुवून बघितली. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आणि जुनं सुती धोतर. पुसायची ती मधनं काठाकडं सरळ, चाकासारखी गोल नाही. गोल पुसताना चरा पडला तर तो अक्षराच्या ओळीबरोबरच जातो आणि आख्खी ओळ खातो, आडवा चरा असला तर मशीन तो ओलांडून जातं. लेबल उपटायच्या भानगडीत पडलो नाही. फरक पडला, पण थोडाच. दोन ओव्या पुढं सरकलं.

संक्रांतीला पुतण्या आला तो लॅपटॉप घेऊन. त्यानं त्यात 'डीडीरेस्क्यू' नावाचा प्रोग्राम लावला. ते सॉफ्टवेअर चित्र दाखवायच्या नादाला लागतच नाही. नुसतं डिस्कीवरचं अक्षर अन् अक्षर उतरून घेतं. आधी जे धड आहे ते सगळं घ्यायचं आणि अडलं ते सोडून पुढं जायचं. मग माघारी येऊन अडलेल्या जागा पुन्हा पुन्हा वाचायच्या. कुठवर आलो, काय राहिलं ह्याची नोंद ठेवत जातं. रात्री दोनदा लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी जुनी, तो बंद पडला. लाईट आल्यावर जिथं सोडलं होतं तिथनं पुढं सुरू. असा सालगडी मला चाळीस वर्षांत मिळाला नाही.

सकाळी बघितलं तर काठाकडच्या बऱ्याच जागा रिकाम्याच. तेव्हा पुतण्या म्हणाला, "ताईकडची डिस्क आणा." तिची डिस्क ह्याच फाईलवरनं लिहिलेली, म्हणजे जुळी. जुळी असली तरी दोघींचं दुखणं एकाच जागी असेल असं नाही. जावई फलटणहून गाडीवर डिस्क घेऊन आले. त्या सॉफ्टवेअरला सांगायचं, की आधीच्या डिस्कीतनं जे राहिलंय तेवढंच हिच्यातनं घे. आम्ही बाजरीत नांग्या भरतो, तसंच हे. जिथं उगवलं नाही तिथं दुसरीकडचं रोप आणून लावायचं, उगवलेल्याला हात लावायचा नाही.

दुपारपर्यंत नांग्या भरल्या. सगळ्या नाही. दोन्ही डिस्कांत एकाच जागी गेलेली चार-पाच सेकंदं गेलीच, तिथं अजून चौकोन येतात.

बाकी आई सगळी आली. सात ओव्या आहेत. पाचवी चालू असताना ती मधेच थांबते आणि हळकुंड उखळाबाहेर उडालं म्हणून माझ्या बायकोला खेकसते, "अगं हळू, मुसळ हाय का कुऱ्हाड!" आणि सोडलेल्या शब्दावरनं पुन्हा ओवी उचलते. अक्कानं ओव्या एकदा ऐकल्या. ते खेकसणं पाच वेळा लावायला लावलं. डोळ्याला पदर लावून हसत होती.

पुतण्यानं मग एचडी तसंच ठेवलं, दोन वेगळ्या हार्डडिस्कांवर, एक त्याच्याकडं, एक गुरुजींकडं. आणि घाण्याचा तेवढा भाग कुठल्याही प्लेअरला समजेल अशा साध्या डीव्हीडीत केला. चित्र थोडं पुसट झालं, पण चालतं सगळीकडं. कमी वेगानं लिहिल्या, वर लेबल नाही, मार्करनं नाव. मी त्या माळ्यावर ठेवू दिल्या नाहीत. देव्हाऱ्याच्या कपाटात, उभ्या ठेवल्यात. पाच बहीण-भावंडांना एक-एक पेनड्राइव्हही दिला.

अक्काच्या सुनेचा फोन आला, "मामा, लागतंय, पण आवाज लई बारीक येतोय." म्हटलं, टीव्हीचा वाढवा, आईचा तेवढाच होता.