आजी, बॅगेत काय आहे?

जुन्नरहून नाणेघाटात गेलात, तर घाटाच्या तोंडाशी एक भलामोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांवरून माल घाट चढून वर यायचा. तिथे व्यापाऱ्यांना थांबवायचे आणि जकातीची नाणी या रांजणात पडायची, असं त्या भागातले लोक सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो बैलवाला व्यापारी आणि आज विमानातून उतरणारा प्रवासी, दोघांनाही एकच प्रश्न विचारला जातो : "काय घेऊन चाललात?"

तुमच्यापैकी कुणाकुणाचे काका, मावशी किंवा ताई ऑस्ट्रेलियात असतील. मे महिन्याची सुट्टी लागली, की आजी-आजोबांबरोबर तुमचंही तिकीट निघतं. मग घरात काय होतं? भाजणीचा वास सुटतो! आजीची यादी लांबत जाते. दिवाणखान्यात बॅगा उघड्या पडलेल्या असतात आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यात काहीतरी कोंबून जातो. त्या बॅगेबरोबर आज आपण मुंबईहून मेलबर्नला जाऊ या.

पहिली गोष्ट वजनाची. प्रत्येक विमान कंपनीचा नियम वेगळा असतो आणि तो तिकिटावरच छापलेला असतो. कुठे एकूण वजन मोजतात, तर कुठे '२३ किलोच्या दोन बॅगा' असा हिशोब असतो. पण एक आकडा सगळीकडे जवळजवळ सारखाच : ३२ किलो. एवढ्यापेक्षा जड एकच बॅग जादा पैसे भरूनही सहसा घेत नाहीत. का? विमानात पेटी चढवणारा हमाल हाही माणूसच आहे. दिवसभरात शेकडो बॅगा उचलायच्या, तर त्याच्या पाठीचा विचार करायला नको का? बॅगेचं वजन घरीच करावं. लोखंडी काटा नसेल, तर न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर आधी आपण एकटं उभं राहायचं, मग बॅग उचलून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. तिसरीतलं गणित इथे उपयोगी पडतं.

काय कुठल्या बॅगेत, याचंही एक शास्त्र आहे. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच हव्यात. पोटातल्या सामानात त्या चालत नाहीत. एखादी बॅटरी तापून पेटलीच, तर माणसांच्या नजरेसमोर असलेली बरी, विझवता तरी येते. पातळ पदार्थांचं नेमकं उलटं. १०० मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही. २००६ साली लंडनमध्ये पातळ स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून जगभर हा नियम आला. आणि लोणचंसुद्धा पातळ पदार्थच बरं का! बरणी आजीच्या मांडीवर असली म्हणून तपासनीस तिला सोडत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्या घरात डब्यात निमूट बसलेल्या असतात. पण विमानवाल्यांच्या यादीत खोबरं धोकादायक मालात मोडतं. त्यात तेल भरपूर. ढिगाने कोंबून ठेवलं, तर ते आपलं आपण तापू लागतं आणि पेटूही शकतं. म्हणून २०२२ पासून आपल्याकडच्या विमान सुरक्षा खात्याने पोटातल्या सामानात सुकं खोबरं न्यायला मनाई केली आहे. मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडायला लावतात, तेव्हा पुष्कळदा या वाट्याच निघतात.

बॅग काउंटरवर दिली, की तिच्या कानात एक लांब कागदी पट्टी अडकवतात. त्यावर काळ्या रेघा असतात आणि दहा आकडी क्रमांक. हा त्या बॅगेचा हजेरी क्रमांक. तीन अक्षरं मोठ्या टाइपात असतात : एमईएल, म्हणजे मेलबर्न. आपल्या मुंबईची अक्षरं कुठली? बीओएम! १९९५ साली बॉम्बेची मुंबई झाली, पण विमानांच्या जगात ती अजून बॉम्बेच आहे. त्या पट्टीचा एक छोटा तुकडा तुम्हाला देतात. तो मोठ्या माणसांनी पासपोर्टला चिकटवून ठेवावा. बॅग हरवली, तर शोध त्याच क्रमांकावरून लागतो. वाटेत सिंगापूरला विमान बदलायचं असेल, तर "बॅग थेट मेलबर्नला जाणार ना?" हे मुंबईतच विचारून घ्यावं. आणि हो, बॅगेला रंगीत नाडी बांधा. काळ्या बॅगा इतक्या असतात, की सरकत्या पट्ट्यावर सगळ्या जुळ्या बहिणी वाटतात.

आता विमान मेलबर्नच्या जवळ येतंय. प्रवाशांना एक जाहीरनामा भरावा लागतो. त्यात प्रश्न असतात आणि पुढे 'हो' किंवा 'नाही'. खाण्याचं काही आणलंय का? लाकडी वस्तू, झाडाचा भाग, बिया? प्राण्यांपासून बनवलेलं काही? गेल्या काही दिवसांत शेतावर गेला होतात का? औषधं? दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रोकड? खाली सही करायची असते. ही सही सगळ्यात महत्त्वाची.

एवढी चौकशी कशाला, असं वाटेल. त्यासाठी थोडं मागे जायला हवं. ऑस्ट्रेलिया म्हणजे चहूबाजूंनी समुद्र असलेलं अजस्र बेट. तिथले प्राणी, झाडं लाखो वर्षं एकटी वाढली. बाहेरचा पाहुणा आला, की त्यांची त्रेधा उडते. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या एका जमीनदाराला शिकारीची हौस आली. त्याने इंग्लंडहून दोनेक डझन ससे मागवले आणि आपल्या जमिनीवर सोडले. जागा मेलबर्नपासून सव्वाशे किलोमीटरच्या आतच. सशांना खायला भरपूर आणि मारणारं फारसं कुणी नाही! काही दशकांत ते कोट्यवधी झाले, कुरणंच्या कुरणं फस्त करू लागले. पश्चिम ऑस्ट्रेलियाने तर १९०१ ते १९०७ या काळात सशांना अडवायला कुंपणं घातली. सगळी मिळून तीन हजार किलोमीटरहून लांब. म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी कुंपण! तरी ससे पलीकडे गेलेच.

त्यावरून शहाणपण यावं की नाही? १९३५ साली क्वीन्सलँडमध्ये उसाला भुंगेऱ्यांनी छळलं, म्हणून हवाई बेटांवरून शंभरएक मोठे बेडूक आणले. बेडकांनी भुंगेऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्या अंगात विष असतं. ते खाऊन तिथले साप, सरडे आणि छोटे शिकारी प्राणी मरू लागले. हे बेडूक अजूनही पसरताहेत. आपल्याकडे बांधावर दिसतो तो फड्या निवडुंगही तिथे असाच शिरला होता. लाखो एकर जमीन त्याने गिळली. शेवटी अर्जेंटिनातल्या एका पतंगाच्या अळ्यांनी तो खाऊन संपवला आणि कृतज्ञ शेतकऱ्यांनी १९३६ मध्ये त्या किड्याच्या नावाने चक्क एक सभागृह बांधलं. बोनार्गा नावाच्या गावात ते आहे.

म्हणून तिकडे विमानतळावर दोन वेगळ्या कामांची माणसं असतात. एक कस्टम्सवाले, म्हणजे सीमाशुल्क. किती किमतीच्या वस्तू आणल्या, सोनं-नाणं, दारू, सिगारेट हे ते बघतात. दुसरे जैवसुरक्षावाले. त्यांना तुमच्या पैशांशी काही देणंघेणं नाही. त्यांना तुमच्या डब्यात रस. आपल्याकडून जाणाऱ्यांची गाठ जास्त करून यांच्याशीच पडते.

आणि यांच्या यादीत एक चोर असा आहे, की त्याचं नावच आपल्याकडचं. 'खापरा' भुंगेरा! शास्त्रज्ञांच्या इंग्रजी पुस्तकांतही तो याच नावाने नोंदलेला आहे. तिळाएवढा किडा. त्याची केसाळ अळी धान्याच्या कोठारात भिंतीच्या फटीत लपते आणि खायला मिळालं नाही, तर वर्षानुवर्षं निपचित पडून राहते. पुन्हा धान्य आलं, की जागी! १९५३ साली तो कॅलिफोर्नियात सापडला, तेव्हा त्याला घालवायला अमेरिकेला दहाहून जास्त वर्षं लागली. ऑस्ट्रेलिया गहू परदेशी विकणारा देश. तिथे हा शिरला तर शेतकऱ्याच्या पोटावर पाय. म्हणून ऑक्टोबर २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, तूर, मूग, मसूर, हरभरा, शेंगदाणे, धने, जिरं, बडीशेप, सुक्या मिरच्या आणायला बंदी आहे. यादी वाचली, की आपल्या स्वयंपाकघराचं फडताळच वाटतं.

दुसरा शत्रू म्हणजे गुराढोरांचा लाळ्या-खुरकूत. गावाकडच्या मुलांना हा रोग ठाऊक असेल. आपल्याकडे लसी टोचतात, पण रोग आहे. ऑस्ट्रेलियात तो शेवटचा आढळला १८७२ मध्ये! ब्रिटनमध्ये २००१ साली त्याची साथ आली, तर साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. विषाणू दुधाच्या पदार्थातून, मांसातून, बुटाला लागलेल्या शेणा-चिखलातूनही जातो. २०२२ मध्ये इंडोनेशियात साथ आली, तेव्हा तिकडून येणाऱ्या प्रवाशांना ऑस्ट्रेलियाच्या विमानतळांवर औषधी पाण्यात भिजवलेल्या पायपुसण्यांवरून चालायला लावत होते. म्हणून पेढे, बर्फी, रसमलई, गुलाबजाम यांना तिथे दार बंद. मामाच्या शेतावर घातलेले बूट न्यायचे असतील, तर तळवे ब्रशने घासून स्वच्छ करा आणि तसं सांगा.

मेलबर्नला एकदा माझ्या पुढे रांगेत एक आजी होत्या, सातारकडच्या. नऊवारी, पायात कापडी बूट, बरोबर दहा-अकरा वर्षांची नात. नातीने विमानात आजीचा जाहीरनामा भरला होता आणि खाण्याच्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं होतं. आजी कुरकुरत होत्या, "अगं, 'नाही' म्हणायचं. कोण बघतंय!" नात म्हणाली, "आजी, सही तुझी आहे."

त्यांना बाजूच्या टेबलाकडे नेलं. अधिकारी बाई वयाने आजीपेक्षा थोड्याच लहान असतील. हातमोजे घालून एकेक पुडा त्या बाहेर काढत होत्या आणि नात सांगत होती : हा चहा, हे बिस्किटांचे पुडे, ही मुगाची डाळ, हे जिरं, हे कंदी पेढे. चहा आणि बिस्किटं परत बॅगेत गेली. डाळ, जिरं आणि पेढे पिवळ्या डब्यात. पेढ्यांचा खोका उचलला, तेव्हा आजींचा चेहरा उतरला. लेकाला आवडतात म्हणून त्यांनी चार दिवस आधी सांगून ठेवून ताजे घेतले होते. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्या नातीला म्हणाल्या, "आजींना सांग, त्यांनी खरं लिहिलं म्हणून दंड नाही. काही नाही. आता जा, बाहेर वाट बघत असतील." नातीने मराठीत सांगितलं. आजी उठल्या आणि पदराने डोळे टिपत त्या बाईंना हात जोडून नमस्कार केला. बाईंनीही हातमोज्यांसकट हात जोडले.

नातीचं 'हो' 'नाही' असतं, तर? दंड हजारो डॉलरांत जातो. २०२२ मध्ये बालीहून डार्विनला आलेल्या एका प्रवाशाच्या पाठपिशवीत अंडं-मांस भरलेले दोन पाव आणि एक क्रोसाँ सापडला, आणि त्याने तो सांगितला नव्हता. दंड झाला २,६६४ डॉलर! त्याला पकडलं कुणी? झिंटा नावाच्या कुत्रीने. हे हुंगणारे कुत्रे भुंकत नाहीत, अंगावर येत नाहीत. बॅगेपाशी येऊन शांतपणे बसतात, बस्स. त्यांना हात लावायला किंवा खाऊ द्यायला जाऊ नका. ते कामावर असतात. २०१९ मध्ये तर सिडनीला एका बाईंना कच्चं डुकराचं मांस लपवून आणल्याबद्दल व्हिसा रद्द करून परत पाठवलं होतं. सांगितलेली वस्तू मात्र फार तर काढून घेतात. नक्की माहीत नसेल, तरी 'हो' म्हणावं. विमानात मिळालेलं सफरचंद खिशात राहिलं असेल तेही.

माझं मत विचाराल, तर डाळ-तांदूळ इथून नेण्यात काहीच अर्थ नाही. मेलबर्नजवळ डँडेनाँग नावाच्या भागात भारतीय दुकानांची अख्खी गल्ली आहे. वाचलेल्या वजनात पुस्तकं न्या. तिकडच्या मराठी मुलांना ती मिळत नाहीत. औषधं नेताना मात्र डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी बरोबर हवीच, आणि तीन महिने पुरतील त्याहून जास्त नेऊ नयेत.

परत येताना आपल्या मुंबईतही दोन दरवाजे असतात. जकात भरण्यासारखं काही नसेल, तर हिरवा. असेल तर लाल. आईचे जुने दागिने बरोबर नेणार असाल, तर जातानाच कस्टम्सकडून दाखला घ्यावा. नाहीतर येताना ते परदेशात घेतलेले नाहीत, हे पटवून देत बसावं लागतं.

एक राहिलंच. श्रावणात तुमच्यापैकी पुष्कळ मुली तिकडच्या भावाला टपालाने राखी पाठवतात. ते पाकीटही असंच तपासलं जातं. राखीवर अक्षता, बिया, सुकी फुलं, तुळशीचे मणी नकोत. पाकिटात मिठाईही नको. रेशमाचा किंवा सुती दोरा, जरी, टिकल्या, प्लॅस्टिकचे मणी बिनधास्त लावा. आणि पाकिटावर आत काय आहे ते नीट लिहा : राखी, एक.