पाचवीचा हजेरीपट

दहावीच्या मुलांना शाळेबद्दल लिहायला सांगितलं, की पहिल्या खेपेला सगळ्यांकडून जवळजवळ एकच पान येतं, फक्त अक्षर वेगळं. शाळा ज्ञानमंदिर असते, शिक्षक वाट दाखवणारे दिवे असतात, वर्षं कशी सरली ते कळलेलं नसतं आणि शेवटी पाखरं घरटं सोडून उडतात. मुलं खोटं लिहीत नाहीत. निरोप समारंभाच्या भाषणांत त्यांनी हेच ऐकलेलं असतं, निबंधाच्या गाइडात हेच वाचलेलं असतं आणि जाताना असंच बोलायचं असतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. मी मराठी शिकवते आणि दर वर्षी दहावीच्या वर्गाकडून हस्तलिखित करून घेते. हे पहिलं पान बाजूला ठेवलं, की आमचं काम सुरू होतं.

आमची शाळा अमळनेर-पारोळ्याच्या बाजूची, पाचवी ते दहावीची. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली आसपासच्या गावांतली मुलं पाचवीत आमच्याकडे येतात, त्यातली निम्मी एसटीने. 'तुला काय आठवतं?' हा प्रश्न मी त्यांना विचारत नाही, कारण त्याचं उत्तर पुन्हा ज्ञानमंदिराकडेच जातं. मी विचारते : पाणी कुठे प्यायचीस? डबा कुणाबरोबर खायचास? कुठल्या बाकाचा पाय डुगडुगायचा? पाऊस आला की वर्गात कुठे गळायचं? आधी मुलं हसतात. मग एखादी थांबते आणि म्हणते, "बाई, हे लिहिलं तर चालेल?" ते 'हे' मला हवं असतं.

रोज एसटीने येणाऱ्या एका मुलीचं पान मला अजून तोंडपाठ आहे. संध्याकाळची गाडी चुकली तर पुढची दिवेलागणीनंतर. त्यामुळे शेवटच्या तासाला तिचं अर्धं लक्ष दप्तरात. आवाज न करता दप्तराची चेन लावायला ती सहावीतच शिकली होती, आणि कुठल्या सरांच्या तासाला ती किती हळू ओढावी लागते तेही तिने लिहिलं होतं. त्या आठ-दहा ओळींत आमची शाळा, तिचं गाव, तिच्या घरची काळजी आणि आम्ही शिक्षक, सगळे आलो होतो. मी तिच्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, बाकी कशाला हात लावला नाही.

दुरुस्तीबाबत माझं मत ठाम आहे. शुद्धलेखन मी सुधारते, कारण ते शिकवणं माझं कामच आहे. पण वाक्य सुंदर करून देत नाही. घरची अहिराणी पानावर आली तर तशीच राहते. शेतावर मुकादम काय ओरडला, आजी काय म्हणाली, हे पुस्तकी मराठीत लिहून घेतलं तर ते ना मुकादमाचं उरतं ना आजीचं.

या भागात शिकवणाऱ्याला हस्तलिखित म्हटलं की साने गुरुजी आठवतातच. 1924 ते 1930 या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत, आणि 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. रोज शिकवायचं, मुलांचं दुखलंखुपलं बघायचं आणि वर रोज एक अंक लिहायचा! मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की ते दैनिक त्या मुलांसाठी होतं. बाहेरच्या कुणाला दाखवण्यासाठी ते नव्हतं. आमच्या हस्तलिखितापुढेही मी हाच वाचक ठेवते : पंधरा वर्षांनी शाळेत आलेला, कपाटातून अंक काढून आपलं पान शोधणारा याच वर्गातला कुणीतरी.

म्हणून प्रत्येकाने आपलं पान आपल्याच हाताने लिहायचं, हा नियम. सुंदर अक्षराच्या दोघा-तिघींनी सगळा अंक लिहून काढायचा, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि तसे अंक स्पर्धेत देखणे दिसतात. पण परत आलेला माजी विद्यार्थी आधी अक्षर ओळखतो, मजकूर नंतर वाचतो. "हे बघा, अजून माझा 'ळ' असाच येतो," असं म्हणणारे बाप्ये मी पाहिलेत. कागद जाड ड्रॉइंगचा, डावीकडे शिवणीसाठी दोन बोटं समास, शाई काळी. शीर्षकं बोरूने. बोरूचा तिरपा काप मुलांना जमेपर्यंत बऱ्याच बोरूंचा भुगा होतो, तो होऊ द्यावा. चित्रं चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा दिलेली मुलं काढतात, छापील चित्रावरून गिरवायचं नाही एवढीच अट.

संपादनात सर्वांत अवघड जागा येते ती एकाच प्रसंगाच्या अनेक हकिकतींची. एका वर्गाची आठवीतली सहल अजिंठ्याला गेली होती. एकाने लिहिलं, की माकडाने पोळीचा डबा पळवला आणि दिवसभर सगळे त्यावरच हसत होते. एकीने लिहिलं, की चढून चढून तिला चक्कर आली होती आणि तिला काही म्हणजे काही दिसलं नाही. तिसरा वर्गात फारसा कधी बोलायचा नाही. त्याने 26 क्रमांकाच्या लेण्यातल्या निजलेल्या बुद्धाबद्दल लिहिलं : महापरिनिर्वाणाच्या त्या मूर्तीखाली रडणारी माणसं कोरली आहेत, त्यातलं कोण सगळ्यात जास्त रडतंय ते तो शोधत होता, तोवर वर्ग पुढे निघून गेला. मुलं म्हणाली, "बाई, तिघांचं मिळून एक चांगलं प्रवासवर्णन करू." मी नाही म्हटलं. तिन्ही पानं तिघांच्या नावाने गेली. सहलीला वर्ग एकच गेला होता, पण प्रत्येकाची सहल निराळी होती, आणि ती ज्याची त्याच्याकडे राहिली पाहिजे.

पानांचा क्रम लावताना पूर्वी मी चांगलं पान पुढे घेई, जसं कुठलंही मासिक घेतं. ते बदललं 2021 च्या वर्गामुळे.

त्यांच्या आधीच्या वर्गाचा 23 मार्च 2020 चा भूगोलाचा पेपर कोरोनामुळे झालाच नाही आणि बाकी विषयांच्या सरासरीवर त्याचे गुण मिळाले. पण तो वर्ग निदान निरोप घेऊन गेला होता. 2021 च्या मुलांची नववीची वार्षिक परीक्षा झाली नाही, दहावीचे बरेचसे दिवस वर्गाबाहेर गेले आणि अखेर बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन धरून जुलैमध्ये राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला. लोक त्या आकड्यावर बोलत राहिले. आम्ही शाळेत होतो आणि आमच्यापुढे प्रश्न निराळा होता : या मुलांनी शेवटचं एकत्र कधी पाहिलं एकमेकांना?

गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला न्यायला ती एकेकटी आली. तोंडावर मास्क, बरोबर वडील किंवा मोठा भाऊ. मी टेबलावर ड्रॉइंगचे कागद ठेवले आणि प्रत्येकाला एक दिला. त्या वर्षी प्रश्न विचारावे लागले नाहीत. ज्ञानमंदिर कुणीच लिहिलं नाही. कुणी लिहिलं, की घरात फोन एकच आणि तो वडिलांबरोबर शेतात, म्हणून त्याने मराठीचे तास कापूस वेचता वेचता ऐकले. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलली होती, त्यामुळे उत्तरं लिहून पाठवता आली नाहीत. कुणी रेंज मिळणाऱ्या एकाच कडुनिंबाखाली बसणाऱ्या चौघांची नावं लिहिली. एकाने बाकावरच्या शेजाऱ्याला लिहिलं, 'तुझी कंपासपेटी माझ्याकडे राहिली आहे, खाली फोन नंबर देतो.'

कोण आलं आणि कोण राहिलं याचा मेळ घालायला मी हजेरीपट काढले. दहावीच्या पटावर ज्यांच्यापुढे खूण नव्हती ते शोधता शोधता मागे मागे गेले, ती पाचवीपर्यंत. आणि तिथे आणखी नावं होती. आठवीनंतर लग्न होऊन गेलेल्या दोघी. सुरतला कामाला गेलेल्या घरांबरोबर निघून गेलेली मुलं. एक बापाच्या जागी शेतात उभा राहिलेला. सातवीत आजारपणात गेलेला एक. दर वर्षी पट नव्याने लिहिला जातो, तेव्हा ही नावं गळतात. कुणी खोडत नाही, फक्त पुढच्या कागदावर उतरवत नाही. मग दहावीत वर्ग मागे वळून बघतो तो दहावीचाच पट घेऊन, आणि ज्यांच्याबरोबर पाचवीत जोडीने डबा खाल्ला ते आठवणींतही गैरहजर राहतात.

तेव्हापासून आमचं हस्तलिखित पाचवीच्या हजेरीपटाच्या क्रमाने लागतं. ज्याने शाळा सोडली त्याच्या क्रमांकाला पान असतंच. शक्य असेल तर त्याने लिहावं, नाही तर त्याच्या बाकाशेजारी बसलेल्याने. त्या पानावर हळहळ लिहायची नाही, एवढंच मी सांगते. तो काय खेळायचा, ती कुठलं गणित पटकन सोडवायची, कुणाची वही कुणाकडे असायची, ते लिहायचं. मुलं हे फार नीट करतात. एवढी काटेकोर ती स्वतःबद्दल लिहितानाही नसतात.

2021 च्या अंकासाठी सुरतेतल्या एका मुलीकडे तिच्या चुलतभावाने निरोप पोचवला होता. अंक बांधून झाला, मुखपृष्ठाला पुठ्ठाही लागला, आणि दिवाळीत ती गावी आल्यावर तिचं पान आलं. तिने पाचवीतल्या मधल्या रांगेतल्या सगळ्या मुलींची नावं बसण्याच्या क्रमाने लिहिली होती, आणि प्रत्येकीपुढे तिच्या डब्यात बहुधा काय असायचं ते. दोन मुलींपुढे फक्त 'चटणी-भाकर', आणि एकीपुढे 'डबा आणायची नाही, माझ्यातलं खायची.' ते पान अंकाच्या शेवटी चिकटवता आलं असतं. मी चित्रकलेच्या सरांना सांगून शिवण उसवून घेतली, तिच्या पाचवीच्या क्रमांकावर पान घातलं, आणि सरांनी अंक पुन्हा शिवून दिला.