वंशावळीची रुंदी

पूर्वी वंशावळ करायची म्हणजे घराण्यातल्या एखाद्याने निवृत्तीनंतरची सारी वर्षं त्या कामाला द्यायची. आमच्याकडे ते काम मोठ्या काकांनी अंगावर घेतलं. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हुबळी, जिथे म्हणून आमच्या आडनावाचा माणूस राहतो असं कानावर येई, तिथे त्यांचं १५ पैशांचं कार्ड जाई. प्रश्न ठरलेले असत. मूळ गाव कोणतं, गोत्र आणि कुलदैवत कोणतं, आजोबा-पणजोबांची नावं काय, त्यांना भाऊ किती. सोबत उत्तरासाठी जोडकार्ड.

पत्रांनी जिथवर पोचता येईल तिथवर पोचून झालं की काका नाशिक-त्र्यंबकेश्वराची वाट धरत. तिथल्या तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं की लांबट चोपडी उघडली जायची आणि कधीकाळी यात्रेला आलेल्या पूर्वजाने स्वतःच्या हाताने लिहिलेली नावं समोर यायची. अक्षर मोडी असेल तर वाचणारा शोधावा लागे. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत हेच ज्ञान हेळवी घेऊन यायचे. ते दारात बसून पिढ्यांमागून पिढ्या सांगायचे आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचे. घरच्यांना मात्र श्राद्धाच्या निमित्ताने पिता, पितामह, प्रपितामह एवढ्या तीनच पिढ्या पाठ असत.

मग तक्ता काढायचा. ड्रॉइंगचे कागद एकाला एक चिकटवून आधी पेन्सिलीने आखणी, मग ट्रेसिंग पेपरवर शाईने सुबक अक्षरं आणि शेवटी अमोनिया प्रिंट. त्या निळसर कागदाचा उग्र वास गुंडाळी उघडली की कितीतरी दिवस यायचा. सगळ्यात वर मूळ पुरुष, खाली शाखा, दत्तक गेलेल्यासाठी तुटक रेघ. शाई वाळल्यावर एखाद्या विसरलेल्या शाखेचं पत्र आलं, तर तिला समासात जागा द्यायची नाहीतर पुन्हा सगळं आखायला बसायचं. काका पुन्हा बसायचे. ती चिकाटी आठवली की आजही मला त्यांच्यापुढे वाकावंसं वाटतं.

आपल्या माणसांना ही ओढ जुनीच आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो आजही तिथे आहे. विसाव्या शतकात गोखले, कर्वे यांच्यासारख्या कितीतरी कुळांनी जाडजूड कुलवृत्तांत छापले.

त्या निळ्या तक्त्यात एक उणीव मात्र लहानपणीही डोळ्यांना खुपायची. त्यात आजी नव्हती. आत्या नव्हत्या. कुलवृत्तांताच्या मजकुरात सुनेचं माहेर आणि लेकीचं सासर कुठेतरी सापडायचं, पण तक्त्याच्या रेघा फक्त पुरुषांतून पुरुषांकडे जायच्या. श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही यांची नावं घेतली जातात. महालयात तर आईकडच्या आजोबा-पणजोबांनाही पिंड असतो. विधीने ज्यांना लक्षात ठेवलं, त्यांना कागदाने सोडून दिलं.

त्याला एक कारण रुंदीचंही होतं. हिशोब करून पाहा. मूळ पुरुष ही पहिली पिढी. प्रत्येकाला दोन मुलगे आणि दोन मुली झाल्या आणि तक्त्यात फक्त मुलगे घेतले, तर सातव्या पिढीत ६४ नावं येतात. एका नावाला ४ सेंटिमीटर जागा दिली तरी सुमारे अडीच मीटरमध्ये ओळ बसते, म्हणजे माजघराची भिंत पुरते. लेकी आणि त्यांची मुलंबाळं धरली, तर सातव्या पिढीत ४,०९६ जण होतात आणि ओळ १६० मीटरच्या पुढे जाते. खऱ्या घराण्यात इतकी वाढ होत नाही, कितीक शाखा मध्येच खुंटतात. तरी हाताने काढणाऱ्यासमोरचा पेच खराच होता. त्यातून त्याने मुली गाळण्याचा मार्ग काढला आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आज हे काम घरातल्या संगणकावर होतं. प्रत्येक व्यक्तीची एक नोंद आणि प्रत्येक कुटुंबाची एक नोंद, एवढाच त्याचा पाया. ही माहिती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्यासाठी जेडकॉम नावाचा साचा १९८४ सालापासून आहे. ग्रॅम्प्ससारखे प्रोग्राम फुकट मिळतात. माहेरचं नाव आणि सासरचं नाव, दोन्हींना वेगळे रकाने असतात. नातं जन्माचं की दत्तकाचं, हेही नोंदता येतं. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर दोन फांद्या पुन्हा एकत्र येतात आणि तेही संगणक सांभाळतो. युनिकोडमुळे मराठी नावं कुठल्याही यंत्रावर नीट दिसतात. जुन्या फाँटमधली नावं दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन बसत. आणि विसरलेली शाखा केव्हाही सापडो, ती जोडली की सगळा तक्ता आपोआप सरकून तिला जागा करून देतो. काकांना हे पाहायला मिळायला हवं होतं.

छापायच्या वेळी रुंदी पुन्हा आडवी येते, पण आता तिच्यावर उपाय आहेत. नेहमीच्या पीडीएफचं एक पान २०० इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे ५ मीटर लांब जातं. त्याहून मोठा तक्ता शाखांप्रमाणे तोडून वेगवेगळ्या पानांवर घ्यायचा. पिढ्या वरून खाली न मांडता डावीकडून उजवीकडे मांडल्या की नावं एकाखाली एक येतात आणि ४ सेंटिमीटरच्या जागी १ सेंटिमीटर पुरतो. तालुक्याच्या गावी वाढदिवसाचे फलक छापणारा फ्लेक्सवाला हा तक्ताही एका दुपारीत छापून देतो. हयात माणसांच्या जन्मतारखा मात्र छापू नयेत, त्या घरच्या फाईलमध्येच राहू द्याव्यात.

पण घरोघर जाऊन विचारणं संगणकाला जमत नाही. काका ज्या घरी जात तिथे चहा व्हायचा, जुनी भांडणं निघायची आणि चार दिवसांनी त्या घरून लग्नाची पत्रिका यायची. तक्ता पुरा होण्याआधी घराणं पुन्हा जोडलं जायचं. आज व्हॉट्सॲपच्या गटावर फॉर्म टाकला की नावं भराभर येतात, पण ती आजची नावं. पणजीचं माहेरचं नाव कुणी फॉर्ममध्ये भरत नाही, कारण ते माहीत असणारी नव्वदीची आत्या त्या गटावर नसते.

म्हणून संगणकाने जागा दिली आहे, तर ती भरायला काकांच्याच वाटेने जावं लागेल. येत्या गणपतीत सगळे गावी जमाल तेव्हा घरातल्या सगळ्यात वयस्क बाईजवळ बसा. आधी तिचं माहेरचं नाव विचारा, मग तिच्या आईचं, सासूचं, आजेसासूचं. पुरुषांची नावं चोपड्यांत, सातबाऱ्यावर, कोर्टाच्या कागदांत सापडतील. बायकांची नावं बहुतेक घरांत फक्त तिच्याच तोंडी उरली आहेत. ती आधी उतरवून घ्या, बाकीचा तक्ता नंतर करता येईल.