मूळ घराचा सारा

किल्ले धारूरच्या तटाच्या ज्या भेगांत गवताची काडीही तग धरीत नाही, तेथे मयूरशिखा नावाचे एक वीतभर नेचे उगवते आणि पावसाळ्यात मोराच्या पिसाऱ्यासारखे उलगडते. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील, तहसील कचेरीतले कारकून, खडी फोडणाऱ्यांचे हजेरीपट घेऊन उन्हातान्हात हिंडत असता, मी तटाच्या सावलीत बसून त्या नेच्याची मुठीसारखी आवळलेली तपकिरी पाने न्याहाळीत असे; ती मेली आहेत याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. पुढल्या वर्षी पाऊस आला आणि त्याच मुठी हिरव्या होऊन उघडल्या.

पुढे नोकरीत बदलीचा हुकूम आला आणि मी कोकणात गेलो. हर्णैच्या समुद्रात एका पहाटे होडीलगत डॉल्फिनची करडी पाठ वर आली, आणि तिच्या श्वासाचा जो आवाज झाला तो थेट आमच्या गोठ्यातल्या बैलाच्या उच्छ्वासासारखा होता. हे साम्य केवळ घरच्या ओढीने भासलेले नव्हते. डॉल्फिनचे पूर्वज सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी याच उपखंडात वावरणारे खुरांचे चतुष्पाद होते. त्यांचा एक मांजराएवढा सगोत्र, इंडोह्यूस, जम्मूकडील कालाकोटच्या खडकांत सापडला आहे. म्हणूनच माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, तर डॉल्फिनची, चौखूर धावणाऱ्या जनावराच्या कण्याप्रमाणे, खाली-वर.

नेच्याचा प्रवास नेमका उलट. त्याचे कूळ पाणी सोडून जमिनीवर आले, धारूरच्या तापलेल्या दगडापर्यंत पोहोचले. परंतु बीजाणूपासून उपजणाऱ्या, नखाहून लहान अशा हिरव्या पापुद्र्यावर त्याचे पुंबीज अजूनही पोहतच अंडपेशीकडे जाते, आणि त्यासाठी पाण्याचा निदान एक पातळ थर लागतोच. कारकुनाच्या मुलाला सुचावे तसेच मला सुचले: दोन्ही कुळे परमुलखी गेली, पण मूळ घराचा सारा कोणालाच माफ झाला नाही, एक तो दर काही मिनिटांनी श्वासाने भरते, दुसरे पिढीगणिक थेंबाने.

निवृत्तीनंतर मी धारूरला परतलो. गेल्या ज्येष्ठात, आभाळ कोरडे असताना, तटाशी जाऊन तांब्यातले पाणी त्या भेगेत थोडे थोडे ओतीत बसलो. दिवे लागणीच्या सुमारास कडेचे एक पान किंचित सैलावले होते.