युटिलिटी, मोरी आणि मागचं दार

घर मागच्या बाजूला वाढवायचं ठरल्यापासून आमच्याकडे पहिला वाद झाला तो पैशांवरून नाही, नावावरून. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की जी पाच फुटी जागा होणार आहे, तिला इंजिनियर 'युटिलिटी' म्हणतात. पुण्याच्या नणंदेच्या मते ती 'ड्राय बाल्कनी', कारण तिच्या फ्लॅटमध्ये तसंच म्हणतात (तिच्या ड्राय बाल्कनीत बारा महिने पाणी साचलेलं असतं, तो भाग वेगळा). गवंडी 'वॉश' म्हणतो. आणि आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सरळ मोरी म्हणतात. नळ, उतार आणि जाळी आहे ना, मग ती मोरीच. त्यात एवढं काय! गंमत म्हणजे इंजिनियरच्या सगळ्या इंग्रजी कोटेशनमध्ये जाळीखाली बसवायच्या भांड्याला 'न्हाणी ट्रॅप' असंच लिहिलं आहे. हार्डवेअरच्या दुकानातही तेच नाव. म्हणजे खोलीचं बारसं कुणी काहीही करो, जमिनीखाली आपली न्हाणी शाबूत आहे.

तर घर साताऱ्याचं. सासऱ्यांनी १९८४ साली बांधलेलं, विटांच्या भिंतींवर उभं, कॉलम वगैरे काही नाही. खाली हॉल, जेवणाची खोली आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर. झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर वर. मागे दक्षिणेला मोकळी जागा, तिच्यात कपडे-भांडी धुवायचा दगड, आंगणाच्या टोकाला जुना संडास, आणि दारालगत कढीपत्ता. त्या काळच्या हिशोबानं चोख घर. फक्त वर जायला १७ पायऱ्या आहेत आणि आईंना आता ७६ वर्षं पूर्ण आहेत.

त्या सकाळी कठडा दोन्ही हातांनी धरून, आडव्या आडव्या खाली उतरतात आणि मग रात्रीपर्यंत वर जात नाहीत. दिवसभर मागचा संडास वापरतात. पावसाळ्यात छत्री घेऊन. साताऱ्याचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको.

मागच्या कुंपणापासून नियमाप्रमाणे सोडायचं अंतर सोडलं की हाती येते ११ बाय २२ फूट जागा. ऐकायला बरी वाटते. पण नऊ इंची भिंती वजा केल्या की आत उरतात जेमतेम सव्वादहा बाय साडेवीस. त्यात आईंची खोली, त्यांचं न्हाणीघर आणि ही बहुनामी युटिलिटी.

इंजिनियरांनी पहिला नकाशा आणला तो कागदावर फार देखणा होता. पूर्वेला स्वयंपाकघरामागे युटिलिटी, तिला लागून न्हाणीघर आणि पश्चिमेच्या टोकाला आईंची खोली. पाण्याच्या दोन्ही जागा शेजारी शेजारी, म्हणजे पाइप कमी, चेंबर एक, खर्च कमी. मी तो कागद फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवला आणि आठ दिवस येता-जाता त्यात राहून पाहिलं. कुणाला घर वाढवायचं असेल तर माझा एवढाच सल्ला आहे, नकाशा टेबलावर पसरून बघू नका, भाजी परतताना बघा.

पहिली गोष्ट दिसली ती उजेडाची. मागे खोल्या आल्या की स्वयंपाकघराची मागची खिडकी जाणार. वाढवलेल्या घरांमधली स्वयंपाकघरं दुपारी बारालाही दिवा लावल्याशिवाय चालत नाहीत, ती यामुळेच. आमचं नशीब की स्वयंपाकघर कोपऱ्यात आहे. पूर्वेची भिंत बाहेरचीच राहणार होती, फक्त तिच्यावर सासूबाईंची स्टीलची मांडणी होती. मांडणी हलवून तिथे चार फुटी खिडकी करायची ठरली. मांडणी हलणार म्हटल्यावर घरात दोन दिवस जे वातावरण होतं त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, कारण हे नातेवाईकही वाचतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. खोली पश्चिमेच्या टोकाला म्हणजे तिची दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत दुपारभर तापणार. एप्रिल-मे महिन्यात रात्री नऊपर्यंत ती भिंत गरम लागेल. न्हाणीघर मात्र तापलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, उलट लवकर वाळतं. म्हणून मी म्हटलं, या दोघांची अदलाबदल करा. न्हाणीघर पश्चिमेच्या टोकाला ढाल म्हणून, आईंची खोली मध्ये. इंजिनियर म्हणाले, "मॅडम, पंधरा फूट पाइप वाढेल." वाढू दे. चार इंची पाइपाला ४० फुटांमागे एक फूट उतार हा जुना हिशोब, म्हणजे पंधरा फुटांना साडेचार इंच. चेंबरचं झाकण उघडून टेपनं मोजलं, तेवढी खोली सहज मिळत होती. हल्ली मला उतारांची फार माहिती झाली आहे. लग्नाच्या हॉलमध्ये गेले तरी आधी फरशीचा ढाळ कुठे आहे ते बघते.

मधल्या खोलीला एकच दक्षिणेची खिडकी मिळते, वारा आरपार जायचा नाही, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता. त्यावर उपाय निघाला तो जुन्याच सामानातून. जेवणाच्या खोलीची मागची खिडकी काढून तिथेच आईंच्या खोलीचं दार करायचं आहे. वरची लिंटल तयारच आहे, खालची भिंत फक्त उतरवायची. त्या खिडकीची सागवानी झडपं निघतील, ती आईंची खोली आणि युटिलिटी यांच्यामधल्या भिंतीत बसवायची. खालचा काठ जमिनीपासून दोन फुटांवर. म्हणजे आई पलंगावर बसल्या बसल्या मागच्या दारानं कोण आलं ते बघू शकतील. मशीन त्या भिंतीला टेकवायचं नाही एवढंच, नाहीतर कपडे पिळताना खिडकी थरथरेल. ते समोरच्या, बाहेरच्या भिंतीला.

हे सगळं झाल्यावर कळलं की ज्यांच्यासाठी चाललं आहे त्यांना खोलीच नको आहे.

"मला कशाला खाली खोली? वर आहे की माझी." एवढंच. नवऱ्यानं गुडघे, डॉक्टर, पाऊस, सगळं सांगून पाहिलं. मग आईंनी नकाशा मागून घेतला, चष्मा लावला आणि बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?" तिथे 'पेरेंट्स बेडरूम' असं लिहिलं होतं. "आणि नंतर?" आमच्यातलं कुणीच काही बोललं नाही, पण इंजिनियर बिचारे सरळ स्वभावाचे. म्हणाले, "नंतर गेस्ट रूम म्हणून वापरता येईल ना." आई म्हणाल्या, "मग आत्तापासूनच गेस्ट लिहा. पाहुणी म्हणून येते."

नवरा उठून बाहेर गेला. मी चहा टाकला.

त्यांचं म्हणणं मला नंतर थोडं थोडं उलगडत गेलं. खाली खोली घेणं म्हणजे वर परत न जाणं. १७ पायऱ्या रोज चढता येतात तोवर वरची खोली त्यांची, खाली आलं की ती नातीची अभ्यासाची खोली होणार, हे कुणी न सांगता त्यांना दिसत होतं. नकाशात तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. नकाशात फक्त मापं असतात.

मग काही दिवस मी खोलीचा विषय काढलाच नाही, युटिलिटीचाच काढला. तिथे बोलायला आई नेहमी तयार. आणि आईंच्याइतकाच त्या जागेशी संबंध आहे तो आमच्या मावशींचा. मावशी आमच्याकडे वीस वर्षांहून जास्त काळ भांडी-धुणं करतात, बाहेर त्या दगडापाशी उकिडव्या बसून. त्यांना विचारलं, तुम्हाला सिंक हवं का मोरी? मला वाटलं होतं सिंक म्हणतील. त्या म्हणाल्या, "ताई, दोन्ही ठेवा. वाकाया येतंय अजून, बसल्यावर उठाया येत न्हाई." ताटं-वाट्या उभ्यानं, पण कढई-कुकर आणि बादल्या खालीच. आणि सिंक माझ्या उंचीचं नको. माझा ओटा ३३ इंचांचा आहे, तिथे भांडी घासताना त्यांच्या कोपरातून पाणी गळतं. त्यांच्यासाठी ३० इंच. वॉशिंग मशीन ८५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण ३४ इंच उंच. म्हणजे वरचा कडप्पा एका रेषेत येणार नाही, मध्ये चार इंचांची पायरी पडणार. इंजिनियर म्हणाले, दिसायला बरं नाही दिसणार. तिथे दिसायला जाणार कोण!

रुंदीचा प्रश्न मात्र खरा होता. पाच फुटांतले दोन फूट मशीन-सिंकनी खाल्ले की चालायला तीन उरतात. १९२६ साली मार्गारेटे श्युट-लिहोट्स्की या बाईंनी फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी असंच मोजूनमापून स्वयंपाकघर आखलं होतं, साडेसहा चौरस मीटरचं, काम करणाऱ्या बाईची पावलं वाचावीत म्हणून. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. पुढे त्यांच्यावर टीका झाली ती ही, की तिथे दुसरं माणूस उभंच राहू शकत नाही. आमच्याकडे सकाळी आठ वाजता मागच्या दारात तिघी असतात. मी डब्याच्या घाईत, मावशी भांड्यांशी आणि आई पायरीवर बसून भाजी निवडत. ती पायरी तर नव्या बांधकामात जाणारच आहे. आईंची खिडकी दोन फुटांवर घेतली ती त्यासाठीही. आत खुर्ची, काठावर परात, पलीकडे मावशी.

हे असं बोलणं चाललेलं असताना एक दिवस आईंनीच विचारलं, "आणि मागचा संडास?"

तो पाडायचा होता. न्हाणीघराची भिंत त्याच्या बरोबर मधून जाते. नकाशावर त्याच्याभोवती तुटक रेघ होती आणि पुढे 'टु बी डिमॉलिश्ड'. सगळ्यांनी ती रेघ पाहिली होती. खाली चकाचक नवीन होतंय, जुन्याचं काय करायचं?

"ती कुठं जायची मग?" आई म्हणाल्या. मावशी सकाळी सातला घरातून निघतात, आमच्यानंतर तीन घरं करतात आणि दुपारी दोनला परत जातात. त्या तीन घरांपैकी एकाही घरात त्यांना जायला जागा नाही. हे आईंना माहीत होतं, कारण पावसाळ्यात एकाच छत्रीतून दोघींच्या फेऱ्या होत. मी वीस वर्षांत मावशींना पगार, बोनस, मुलीचं लग्न, सगळं विचारलं आहे. हे त्या मला सांगणार नव्हत्या, आईंना त्यांनी सांगितलं होतं.

यावर घरात बरीच मतं पडली. नणंद फोनवर म्हणाली, कोपऱ्यात वेगळा बांधा. पण सोडायच्या अंतरात बांधता येत नाही आणि अंतर सोडलं की जागाच नाही. एक काका म्हणाले, इतकी वर्षं झालं तसं काहीतरी होईल. मागचा संडास होता म्हणून इतकी वर्षं 'तसं' झालं, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. मग आईंनी त्यांची अट सांगितली. खाली खोली घेईन, पण न्हाणीघराला एक दार बाहेरून पाहिजे, आंगणातून.

अटॅच्ड न्हाणीघराला बाहेरून दार! इंजिनियर गप्प बसले. चोरी, कडी विसरणं, पावसाचं पाणी आत येणं, सगळे आक्षेप त्यांनी रीतसर मांडले. एका नातेवाइकांनी जो आक्षेप घेतला तो मी लिहीत नाही, तुम्हाला कळला असेलच. आई एवढंच म्हणाल्या, "माझ्यानंतर माझं अंग पुसायला कोण येणार आहे ते मला ठाऊक आहे."

शेवटी इंजिनियरांनी स्वतःच एक मुद्दा काढला, आणि तो बिनतोड होता. म्हाताऱ्या माणसाच्या न्हाणीघराचं दार आतल्या बाजूला उघडणारं ठेवू नये, म्हणाले. आत कुणी पडलं तर तेच माणूस दाराला आडवं येतं आणि दार ढकलता येत नाही. दार बाहेर उघडायला हवं, तीन फुटी हवं, आणि दुसरीकडूनही आत शिरायची सोय असली तर उत्तमच. मग त्यांनी पेन्सिलीनं पश्चिमेच्या भिंतीत अडीच फुटी दार काढलं, वर छोटं छज्जं काढलं, उंबऱ्याला उतार दिला आणि पाणी अडवायला बाहेर एक पायरी टाकली. आईंनी ती पायरी बघितली आणि विचारलं, "बसण्याएवढी होईल का?" सव्वा फूट रुंद करून घेतली.

कागदावरचं 'पेरेंट्स बेडरूम' खोडून आता तिथे नुसतं 'खोली' असं मराठीत लिहिलं आहे. वरची खोली मात्र आईंचीच राहणार, कुलूप-किल्लीसह. नातीला अभ्यासाला हॉल पुरतो, असं तिच्या वतीनं त्यांनी जाहीर केलं आहे.

पुढच्या आठवड्यात फक्की मारून आखणी होईल. कढीपत्ता बरोबर युटिलिटीच्या पायात येतोय, तो काही वाचत नाही. आईंनी मुळापासून फुटलेली तीन रोपं काढून डालड्याच्या जुन्या डब्यांत लावली आहेत, त्यातलं एक माना टाकून बसलंय. आणि बाहेरच्या दाराच्या कड्यांचा हिशोब अजून लागायचा आहे. दोन्ही दारांना आतून कडी, हे ठरलं. पण आत कुणी असताना रात्री आईंच्या खोलीच्या बाजूनंही एक कडी हवी की नको यावर मावशी आणि आई यांचं एकमत नाही. मावशी म्हणतात हवी. आई म्हणतात, कशाला?